पहिला ठसा बटाट्याचाच

अगं, घरी ठशांची शुभेच्छा कार्डं करायची म्हणून तालुक्याला जाऊन पिशवीभर सामान आणू नकोस. पहिल्या बैठकीला बटाटा, भेंडी, एक खोडरबर आणि स्टॅम्प पॅड पुरे. पैसे घालायचेच तर कागदावर घाल. २५० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, आणि जरा खरखरीत घे. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की फरफट.

बटाटा कापलास की फडक्यावर दाबून पाणी टिपून घे, नाहीतर रंग पसरतो. ठसा सरळ ठेव, एकदाच दाब, सरळ उचल. नवख्या मैत्रिणी नेमक्या इथेच तो हलवतात आणि बैलाला दोन शेपट्या येतात! तान्ह्या पोळ्याला माझी अशी वीसेक कार्डं वाया गेली. पोरं मात्र खूश.

बाकी दोनच गोष्टी:
- अक्षरं उलटी कोरावी लागतात. जमत नसेल तर सरळ पेनानं लिही.
- घडी आधी, ठसा नंतर. घडीच्या जागी पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं रेघ ओढ, मग घडी घाल.

चौघी बसणार असाल तर प्रत्येकीकडे एकेकच रंग द्या. नाहीतर तासाभरात सगळे रंग मातकट. एम्बॉसिंगचं, म्हणजे उठावाच्या नक्षीचं, आत्ता विचारूच नकोस. संक्रांतीची दहा कार्डं होऊ दे, मग सांगते.