१९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या चित्रपटातले डायनोसॉर कसे हलवले? खऱ्या सरड्यांना शिंगं चिकटवली होती का?

नाही, ते सरडे नव्हते. छोट्या बाहुल्या होत्या, आणि त्या एकेका फ्रेमसाठी हाताने किंचित सरकवून चित्रित केल्या होत्या, म्हणजे स्टॉप-मोशन. हे काम विलिस ओब्रायनचं, ज्याने पुढे १९३३ मध्ये ‘किंग काँग’ हलवला. बाहुल्या घडवल्या मार्सेल डेलगाडोने: आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, वर रबराची कातडी. काहींच्या पोटात हवेची पिशवी बसवली होती. ती जराजरा फुगवत-सोडत गेलं की प्राणी श्वास घेतोय असं वाटतं. मारामारी थांबल्यावर बरगड्यांकडे बघा, दिसेल. मूळ कादंबरीकार आर्थर कॉनन डॉइलने १९२२ मध्ये न्यूयॉर्कला जादूगारांच्या मेजवानीत याची चाचणी रीळ काहीही खुलासा न करता दाखवली होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी झाली! मात्र सगळंच बाहुल्यांचं नाही. वानरमानव हा मेकअप केलेला नट आहे (बुल मोंटाना), आणि जंगलातले काही प्राणी जिवंत आहेत. लंडनमध्ये सुटलेला ब्रॉन्टोसॉरस कादंबरीत शोधू नका, तिथे टेरोडॅक्टिल आहे.

बघायचा असेल तर लांबी तपासून घ्या. नेटवर तासाभराची कापलेली आवृत्ती बरीच फिरते. जुन्या प्रिंट जोडून केलेली, दीड तासाच्या वरची आवृत्ती मिळाली तर तीच बघा.