वाचकांचे प्रश्न : जाळ्यात कासव आले तर?

प्रश्न : ओढलेल्या जाळ्यात मासळीबरोबर कासव आले, अगदी निपचित. खलाशी म्हणाले, ‘लगेच पाण्यात टाका, नाहीतर फॉरेस्टवाले धरतील.’ खरेच गुन्हा होतो का? आणि जाळे कापावे लागले तर भरपाई मिळते का?
– एक तांडेल, मढ

उत्तर : घाईने पाण्यात टाकू नका. निपचित कासव मेलेले असेलच असे नाही. कासवाला कल्ले नसतात, ते फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉल (बोटीने ओढायचे जाळे) किंवा डोलीच्या जाळ्यात बराच वेळ अडकले की त्याला वर येऊन श्वास घेता येत नाही आणि ते बेशुद्ध पडते. तसेच समुद्रात सोडले तर नक्की बुडते.

त्याला पोटावरच ठेवा, उताणे करू नका. मागची बाजू वीतभर, म्हणजे किमान १५ सेंटिमीटर उंच राहील असा आधार द्या, म्हणजे फुप्फुसातले पाणी तोंडावाटे निघते. अंगावर ओले फडके टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, सावली करा. अधूनमधून शेपटीला हलका चिमटा काढून हालचाल होते का ते पाहा. शुद्ध यायला काही तास लागतात, कधी २४ तासही. हुशारीत आले की इंजिन न्यूट्रलला, जाळे पाण्याबाहेर, आणि कासव अलगद खाली. वरून फेकू नका.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सगळी समुद्री कासवे, व्हेल शार्क आणि करवत मासा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांची शिकार किंवा विक्री केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चुकून जाळ्यात आलेला जीव सोडणे म्हणजे शिकार नव्हे. तेव्हा भीतीपोटी लपवालपवी नको, अडचण तिथूनच सुरू होते. मेलेले कासव हाती आले तर ती सरकारी मालमत्ता ठरते. ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

भरपाई मिळते. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले तर राज्याच्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. फोटोशिवाय मात्र अर्ज टिकत नाही. जाळ्यात अडकलेला प्राणी, कापलेले जाळे आणि प्राणी पाण्यात जाताना, असे तिन्ही टिपा. तिसरा हमखास राहून जातो, म्हणून मोबाइल एका खलाशाच्या हातात आधीच द्या. अर्जाची चौकशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या कांदळवनात रात्री डंपर राडारोडा टाकतात. तक्रार कुठे करावी?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि जिल्हाधिकारी, दोन्हीकडे लेखी करा. सप्टेंबर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनात राडारोडा टाकायला आणि भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई आहे. डंपरचा नंबर, वेळ, जागेचे लोकेशन आणि तारखेसह फोटो जोडा.

एक गोष्ट आवर्जून पाहा. भरतीचे पाणी आत येण्याची मोरी किंवा नाळ बुजवली आहे का? येणेजाणे बंद झाले की झाडे कुऱ्हाडीशिवाय उभ्या उभ्या वाळतात, आणि त्या मुळांत वाढणारी कोळंबी, बोय, चिंबोरीची पिल्लेही जातात. मग ‘झाडे आपोआप मेली’ म्हणायला सगळे मोकळे! म्हणून तक्रारीत ‘भराव टाकला’ एवढेच नको. ‘मोरी बंद आहे, भरतीचे पाणी आत येत नाही’ हेही लिहा, आणि सगळ्यात आधी ती मोरी मोकळी करण्याची मागणी करा.