छेद घेण्यापूर्वीचा एक तास
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : हाताच्या शस्त्रक्रिया आणि अँटिबायोटिक

प्रश्न : माझे वय 52 असून मी घरी शिलाईकाम करते. उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात आणि हात झटकल्याशिवाय झोप लागत नाही. कार्पल टनेलचे (मनगटात मज्जातंतू दबण्याच्या त्रासाचे) निदान होऊन शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकची गरज नाही. इंजेक्शनही नाही आणि गोळ्याही नाहीत. माझ्या जाऊबाईंच्या एका लहानशा ऑपरेशनला सात दिवसांचा कोर्स दिला होता. घरची मंडळी म्हणतात, हे डॉक्टर हलगर्जी करत आहेत. दुसरीकडे जावे का? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आपल्या डॉक्टरांचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो, आणि केवळ या कारणासाठी डॉक्टर बदलू नयेत, असे मी मनापासून सांगेन.

या शस्त्रक्रियेत तळहाताच्या बुडाशी लहानसा छेद घेऊन, मज्जातंतूवर दाब देणारा जाड पडदा कापून मोकळा करतात. काम साधारण वीस मिनिटांचे असते, आत प्लेट, स्क्रू किंवा तार ठेवली जात नाही, आणि हाताचा रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की शरीराच्या संरक्षक पेशी जखमेपर्यंत सहज पोहोचतात. त्यामुळे येथे जंतुसंसर्गाचे प्रमाण मुळातच फार कमी असते. कॅनडातील हाताच्या शल्यविशारदांनी 2011 मध्ये 1504 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रिया मोठ्या ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हे, तर साध्या प्रक्रिया-कक्षात, केवळ हाताभोवतीचा भाग निर्जंतुक करून झाल्या होत्या आणि प्रतिबंधक अँटिबायोटिक दिलेले नव्हते. तरीही वरवरचा संसर्ग हजारात चार जणांनाच झाला आणि खोलवरचा एकालाही नाही. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनेही 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत या शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट अँटिबायोटिक देण्याचा फायदा दिसत नाही, असे नमूद केले आहे.

"दिले तर बिघडते काय?" हा घरच्यांचा खरा प्रश्न असणार. बिघडते. जुलाब होतात, अंगावर पित्त उठते, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी येते, आणि आतड्यातील व कातडीवरील साधे जंतू मरून औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. आपल्या देशात ही अडचण किती मोठी आहे, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. जाऊबाईंना कोर्स कशासाठी दिला हे मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण तो आपल्यालाही हवाच, असे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : घसरून पडल्यामुळे माझ्या मनगटाचे हाड मोडले आणि प्लेट बसवावी लागली. थिएटरमध्ये सलाईनमधून एकच इंजेक्शन दिले. घरी सोडताना अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या नाहीत. भावाने काळजीपोटी केमिस्टकडून सेफिक्सिमची पट्टी आणली आहे. घ्यावी का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नये. मात्र आपले प्रकरण वरच्या ताईंपेक्षा वेगळे आहे. आत धातूची प्लेट बसवायची असेल, तेव्हा अँटिबायोटिक द्यायलाच हवे. धातूच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून बसतात आणि तेथे औषध नीट पोहोचत नाही. म्हणून त्यांना बसू न देणे हाच शहाणपणा असतो. प्रश्न उरतो तो वेळेचा.

अमेरिकेत जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की जंतू कातडीत शिरण्याच्या थोडे आधी औषध दिले तर ते उत्तम काम करते, आणि तीन तास उलटून गेल्यावर दिले तर दिल्यासारखेच नसते. पुढे 1992 मध्ये 2847 रुग्णांच्या नोंदींवरून हेच माणसांतही दिसले : छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग 0.6 टक्के, तर छेदानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत 3.3 टक्के. आज आम्ही सेफाझोलिन हे जुने आणि स्वस्त औषध छेदापूर्वीच्या एका तासात शिरेतून देतो. प्रौढांना सहसा 2 ग्रॅम लागते. शस्त्रक्रिया चार तासांपुढे लांबली तर पुन्हा द्यावे लागते.

हाताच्या शस्त्रक्रियेत आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट असते. रक्त थांबवण्यासाठी दंडाला टूर्निकेचा पट्टा बांधून तो फुगवतात. पट्टा एकदा फुगला की हातात नवे रक्त येत नाही, आणि औषध तर रक्तातूनच येते! त्यामुळे इंजेक्शन पूर्ण जाऊन काही मिनिटे उलटल्यावरच पट्टा फुगवावा लागतो. आमच्या थिएटरमध्ये सिस्टर इंजेक्शनची वेळ मोठ्याने सांगते, ती फळ्यावर लिहिली जाते, आणि तोवर पट्ट्याला कोणी हात लावत नाही. घरी नेलेल्या सात दिवसांच्या गोळ्यांपेक्षा या काही मिनिटांवर रुग्णाचे भले जास्त अवलंबून असते.

टाके घातल्यावर जंतूंना आत यायची वाट बंद होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितले, की केवळ प्रतिबंधासाठी शस्त्रक्रिया संपल्यानंतर अँटिबायोटिक चालू ठेवू नये. शिवाय अशा जखमेत भीती असते ती कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची, आणि सेफिक्सिम नेमके याच जंतूंवर दुबळे आहे. भावाची माया समजते, पण त्याने आणलेली पट्टी या जखमेचे रक्षण करणार नाही. सेफिक्सिम 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचेच नसते.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. ट्रिगर फिंगरची (वाकवलेले बोट अडकून बसण्याच्या त्रासाची) शस्त्रक्रिया करायची आहे. त्यांना तरी अँटिबायोटिक हवेच ना? — एक वाचक, नागपूर

उत्तर : मधुमेहात संसर्गाचा धोका वाढतो हे खरे आहे, पण एवढ्या लहान, स्वच्छ शस्त्रक्रियेत केवळ मधुमेह आहे म्हणून अँटिबायोटिक दिल्याने तो धोका कमी होतो, असे दिसलेले नाही. साखर आटोक्यात आणल्याने मात्र नक्की होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर फार वाढलेली असेल, तर दोन महिने थांबावे. अडकणारे बोट तेवढे थांबू शकते. वडील तंबाखू खात किंवा विडी ओढत असतील, तर तीही आधी सोडवावी.

प्रश्न : माझ्या मुलाचा हात कडबा कुट्टीत सापडला. दोन बोटांची हाडे उघडी पडली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोहोचताक्षणी इंजेक्शने सुरू केली आणि मग मोठ्या दवाखान्यात पाठवले. हे बरोबर झाले का? — एक शेतकरी वाचक, बारामती

उत्तर : अगदी बरोबर झाले, आणि त्या डॉक्टरांचे आभार मानावेत. जखमेत माती, शेण आणि चारा आधीच गेलेला असतो, म्हणजे येथे अँटिबायोटिक हा प्रतिबंध कमी आणि उपचार जास्त असतो. उघड्या अस्थिभंगात ते जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले; शक्यतो पहिल्या तासातच. धनुर्वाताची लस आणि जखमेच्या अवस्थेनुसार त्यावरील प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही पाहावे लागते. तरीही, सर्वांत मोठे औषध म्हणजे जखम भरपूर पाण्याने धुणे आणि मेलेले मांस काढून टाकणे. ते नीट झाले नाही, तर कितीही भारी इंजेक्शन जखम चिघळण्यापासून वाचवत नाही. असाच नियम कुत्र्याच्या, मांजराच्या किंवा माणसाच्या दातांनी हाताला झालेल्या जखमेला लागू होतो : दिसायला टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी दाखवावी, धुवावी आणि औषध सुरू करावे. कुत्र्यामांजराच्या चाव्यात रेबीजची लस तर चुकवूच नये.

प्रश्न : लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ आले होते, असे आई सांगते. मला सेफाझोलिन चालेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा चालेल. सेफाझोलिनची रेणूरचना पेनिसिलिनपेक्षा पुरेशी वेगळी आहे, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तपासणीत ती आढळत नाही. मात्र तेव्हा श्वास कोंडला होता का, चेहरा सुजला होता का, कातडी सोलवटली होती का, हे आईला विचारून भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घरी काय काळजी घ्यावी? — अनेक वाचक

उत्तर : हातावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. काढायचेच असतील तर दवाखान्यात क्लिपरने काढतील. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, नखे कापावीत, अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात. मनगटातला गंडा किंवा देवाचा दोरा सोडायला अनेकांचा जीव होत नाही, हे मी रोज पाहतो. पण महिनोन्‌महिने घामात भिजलेला तो धागा आमच्या छेदापासून दोन बोटांवर असतो. तो आदरपूर्वक सोडून देवघरात ठेवावा आणि टाके निघाल्यावर पुन्हा बांधावा. जखमेवर हळद किंवा इतर काहीही लावू नये, ड्रेसिंग कोरडे ठेवावे आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. ठणका दिवसेंदिवस वाढू लागला, लाली पसरली, टाका पिकला किंवा ताप आला, तर केमिस्टकडे न जाता त्याच दिवशी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच हात दाखवावा.