लंडनमध्ये कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) नवा भाड्याचा फ्लॅट मिळतोय, पण त्यात बॉयलर नाही. तिथे डिस्ट्रिक्ट हीटिंग आहे, म्हणजे एका केंद्रात तापवलेलं पाणी रस्त्याखालच्या पाइपांच्या जाळ्यातून अनेक इमारतींना पुरवतात. ओळखीचे म्हणतात, त्याची बिलं फार येतात. असं घर घ्यावं का?

घ्या, असंच माझं मत आहे. कौन्सिलच्या घरासाठी लंडनमध्ये लोक वर्षानुवर्षं यादीत ताटकळतात. केवळ बॉयलर नाही म्हणून ते हातचं घालवू नका. मात्र ओळखीच्यांनी तुम्हाला बिलांची जी भीती घातली आहे, तिच्यात तथ्य आहे. मी इथे इमारतींच्या हीटिंगचं काम करतो. माझ्या पाहण्यात बाहेरच्या जाळ्यापेक्षा इमारतीच्या आतले पाइप आणि दराचे कागद यांनीच लोकांना जास्त छळलं आहे.

ही पद्धत लंडनला नवी नाही. टेम्सच्या काठावर पिम्लिकोमध्ये चर्चिल गार्डन्स ही कौन्सिलची मोठी वसाहत आहे. समोरच्या काठावरच्या बॅटरसी वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता 1950 पासून तिथल्या घरांना मिळू लागली. गरम पाणी नदीखालच्या बोगद्यातून यायचं. ते साठवायला वसाहतीत काचेच्या आवरणाचा उंच मनोरा बांधला, तो आजही उभा आहे. 1983 मध्ये वीजकेंद्र बंद झालं, तरी घरं गार पडली नाहीत, कारण पंपहाउसात स्वतंत्र बॉयलर बसवले गेले आणि पाइपांचं जाळं तसंच चालू राहिलं. इस्लिंग्टन कौन्सिलच्या बनहिलमध्येही असंच घडलं. 2012 मध्ये तिथलं जाळं गॅसवर सुरू झालं. 2020 मध्ये त्याला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, म्हणजे ट्यूबच्या, नॉर्दर्न लाइनच्या बोगद्यातली उबदार हवा जोडली गेली. सिटी रोडचं ट्यूब स्टेशन 1922 पासून बंद आहे. त्याच्या हवेच्या विहिरीतून ती उष्णता वर ओढून हीट पंपाने पाणी सुमारे 80 अंशांपर्यंत तापवतात. मला या पद्धतीचं मोल इथेच वाटतं. उद्या गॅस सोडायची वेळ आली तर बदल एका ठिकाणी करायचा, हजार स्वयंपाकघरांत शिरून तोडफोड करायची नाही.

आता तुमच्या इमारतीकडे येऊ. रस्त्याखालचं पाणी थेट तुमच्या नळाला येत नाही. ते तळघरात येतं, तिथल्या पातळ पत्र्यांच्या यंत्रातून आपली उष्णता इमारतीच्या वेगळ्या पाण्याला देतं आणि परत जातं. ते दुसरं पाणी मजल्यामजल्यांवर फिरतं आणि तुमच्या कपाटातल्या एका पेटीत पोचतं. तिला इथे सगळे ‘एचआययू’ (हीट इंटरफेस युनिट) म्हणतात. तीच रेडिएटर तापवते आणि नळ उघडला की त्या क्षणी लागेल तेवढं पाणी गरम करून देते. साठवणीची टाकी सहसा नसते, त्यामुळे गरम पाणी संपलं असं होत नाही.

दुखणं मधल्या पाइपांत असतं. आंघोळीचं पाणी कधीही लागू शकतं, म्हणून ते पाइप जुलैतही गरमच ठेवावे लागतात. त्यांचं आवरण पातळ असेल किंवा व्हॉल्व्हपाशी उघडं सोडलं असेल तर कॉरिडॉर भट्टीसारखा तापतो आणि वाया गेलेल्या उष्णतेचे पैसे शेवटी रहिवाशांच्याच दरात येतात. एक चूक तर मला वारंवार दिसते. बांधकामानंतर पाइप धुण्यासाठी जे बायपास, म्हणजे पाणी घरांत न नेता थेट परत वळवणारे आडमार्ग, उघडतात, ते बंद करायचे राहून जातात. मग गरम पाणी कुणाच्याही घरात न जाता गोल फिरत राहतं आणि तापलेलंच परत येतं. चांगल्या जोडणीत परतीचं पाणी बरंच निवलेलं हवं. हे ठाऊक असूनही घरं ताब्यात देण्याच्या घाईत कुणी ते तपासत नाही, याचा मला मनापासून राग येतो. घर पाहायला जाल तेव्हा कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं थांबा. कोट काढावासा वाटला तर त्याचं कारण विचारा.

दराचं म्हणाल तर गॅसच्या युनिटशी थेट तुलना करू नका. समजा गॅस 6 पेन्स युनिट आहे आणि घरचा बॉयलर त्यातली 85 टक्के उष्णता देतो. म्हणजे उष्णतेचं युनिट 7 पेन्सला पडलं. त्यामुळे उष्णतेचा दर गॅसपेक्षा थोडा जास्त दिसणारच. खरी नजर स्थिर आकारावर, म्हणजे वापर कितीही असो, द्यावाच लागणाऱ्या रकमेवर ठेवा. नव्या इमारतींच्या भिंती-खिडक्या इतक्या चांगल्या असतात की हीटिंग फार लागत नाही. वापर कमी, म्हणून बिलात स्थिर आकाराचाच वाटा मोठा, आणि काटकसर करून तो कमी होत नाही. त्यात काय काय धरलंय ते लेखी मागा. भाडेकरूच्या घरातल्या हीटिंगची दुरुस्ती 1985 च्या कायद्याने घरमालकावर, म्हणजे कौन्सिलवर आहे. पेटीच्या दुरुस्तीचे पैसे तुमच्या स्थिर आकारात घातले असतील, तर ते कशाच्या आधारावर, हे जरूर विचारा.

पुरवठादार बदलता येत नाही, हा या घराचा सगळ्यात मोठा तोटा. ऑफजेम या सरकारी ऊर्जा नियामकाने गॅस-विजेला घातलेली दरमर्यादाही इथे लागू नाही. म्हणूनच 2022 मध्ये गॅस भडकला तेव्हा अशा जाळ्यांवरच्या कितीतरी कुटुंबांचे दर एकदम वाढले. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. 2023 च्या ऊर्जा कायद्याने ही जाळी ऑफजेमच्या देखरेखीखाली आणली, ते नियमन जानेवारी 2026 पासून सुरू झालं, आणि तक्रारी त्याआधीपासूनच, एप्रिल 2025 पासून, एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे नेता येतात.

चाव्या मिळतील त्या दिवशी उष्णतेच्या मीटरचा आकडा फोटो काढून ठेवा. पहिलं बिल अंदाजाने काढलेलं आलं तर तो फोटो जोडून पुरवठादाराकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तड लागली नाही, तर सगळा पत्रव्यवहार घेऊन ओम्बड्समनकडे जा; त्यासाठी तुम्हाला पैसे पडत नाहीत.