त्या फोडी पुन्हा का कापल्या?

पत्र असं आहे: ‘दर रविवारी मी घरी ॲपल पाय करते. चौघांनी थोडा वेळ तरी एकत्र बसावं, एवढीच इच्छा. शनिवारी रात्रीच मैद्यात लोणी चोळून पीठ फ्रिजमध्ये ठेवते, रविवारी सगळे उठायच्या आत सारण तयार असतं. पण नवरा “छान झालाय” म्हणतो आणि उठतो. ९ वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून खातो. १३ वर्षांची मुलगी बशी घेऊन सरळ तिच्या खोलीत जाते. आधी ती मदतीला यायची. एकदा तिने सफरचंदं कापली होती, पण फोडी फारच ओबडधोबड होत्या, मग ती आंघोळीला गेल्यावर मी त्या नीट कापून घेतल्या. आता तिला कशातच रस नाही. हल्लीच्या मुलांना घराची ओढच राहिली नाही का? हे सगळं बंदच करून टाकू का?’ – रविवारची आई

ताई, नवऱ्याबद्दल तुमची तक्रार आहे, मोबाइलबद्दल आहे, हल्लीच्या मुलांबद्दल तर आहेच. फोडींचं मात्र तुम्ही जाता जाता सांगून मोकळ्या झालात. मी तिथेच अडकले.

आंघोळ करून ती परत आली तेव्हा तिला काय दिसलं असेल? पातेल्यात एकसारख्या, पातळ, सुबक फोडी. त्या आपल्या हातच्या नाहीत हे तिला कळलं नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? तुम्ही ओरडला असतात तर ती भांडली असती, पाय आपटले असते, तासाभराने विसरली असती. तुम्ही काहीच बोलला नाहीत. गुपचूप तिचं काम पुसून टाकलंत. त्यानंतर त्या मुलीने स्वयंपाकघरात कशासाठी यायचं? प्रेक्षक म्हणून?

आणि मिळवलंत काय? जाड फोड भाजल्यावर जराशी दाताखाली येते, पातळ फोड विरघळून तिच्याभोवती दाट रस होऊन बसते. दोन्ही प्रकार मुद्दाम एकत्र घालणारे लोक आहेत. सफरचंद आंबटसर आणि घट्ट असलं, ग्रॅनी स्मिथसारखं, तर ओबडधोबड फोडींनी पायचं काहीही बिघडत नाही. पारी फाटली तर पिठाचा तुकडा ओल्या बोटाने चिकटवायचा. वरच्या पारीला वाफ जायला चिरा पाडाव्याच लागतात, त्यातली एखादी लाटतानाच पडली तर पडू दे की.

दुसरं म्हणजे, ‘एकत्र वेळ’ हवा म्हणता आणि तो सगळा एकट्याच खर्च करता. पाय हा घाईचा पदार्थच नाही. पीठ निदान अर्धा तास गारव्यात ठेवायचं, सोलणं-कापणं-लाटणं वेगळं, ओव्हनमध्ये जवळजवळ तास, आणि बाहेर काढल्यावर आतला रस आळायला आणखी तीनेक तास. अख्खी सकाळ त्यात जाते. त्यातली शेवटची दहा मिनिटं, खायची तेवढी, तुम्ही घरच्यांसाठी ठेवता आणि तेवढ्यात सगळ्यांनी गप्पांचा फड जमवावा म्हणता. खाताना कोण बोलतं? या वयाची मुलं बोलतात ती हात कामात असताना, समोरच्याकडे बघावं लागत नाही तेव्हा. सफरचंदाचं साल न तुटता एका लांब पट्टीत कोण काढतं, अशी पैज लागली की शाळेतलं भांडण आपोआप बाहेर येतं. ती सालं तुम्ही पहाटे एकट्याने काढून कचऱ्यात टाकता.

बंद वगैरे काही करू नका. या शनिवारी रात्री पिठाला फक्त हात लावू नका. रविवारी मुलीला सांगा, ‘त्या दिवशी तुझ्या फोडी मी पुन्हा कापल्या. चुकलं माझं. आज पाय तू कर, मी सालं काढते.’ एवढंच. पुढे ‘पण’ लावून कारण द्यायचं नाही. सुरी तिच्याकडे, लाटणं तिच्याकडे, फोडींना साखर-दालचिनी चोळायचं काम धाकट्याकडे. त्याचे हात चिकट झाले की मोबाइल आपसूक बाजूला पडेल, त्यासाठी वेगळा नियम नको. नवऱ्याला ओव्हनपाशी उभं करा.

तोंड उघडायची परवानगी दोनदाच. एक, लोणी फ्रिजमधून काढलेलं गारच हवं आणि ते पिठात पार मिसळून टाकायचं नाही. वाटाण्याएवढे खडे राहिले तरच पापुद्रे सुटतात. दोन, वरचा रंग छान आला म्हणून लगेच बाहेर काढायचा नाही. चिरांमधून रस बुडबुडायला लागला की मगच, नाहीतर सारणातलं कॉर्नफ्लोअर नीट शिजत नाही आणि रस पातळच राहतो. बाकी मैदा जमिनीवर सांडो, पारी नकाशासारखी लाटली जावो, तुम्ही आपली सालं काढायची.

ती ‘मला नाही यायचं’ म्हणाली तर? म्हणेलही, आणि तिचा तेवढा हक्क आहे. मग त्या रविवारी पाय होणार नाही. हात कितीही शिवशिवले तरी एकट्याने करायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा, चिडचिड न करता. आणि जेव्हा केव्हा ती करेल, तेव्हा तळ थोडा ओलसर निघाला तरी दुसरा तुकडा मागून घ्या. पुढच्या वेळी भांडं ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, आधीच तापवलेल्या ट्रेवर ठेवायला हवं, हे तिला सांगायचंच असेल तर सोमवारी सांगा.