चवथीच्या घरात सामान किती हवे?

पर्वरीहून एक वाचक लिहितात: ताई, आम्ही दोघेही नोकरी करतो, फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या वर्षी मिनिमलिझमबद्दल वाचले आणि घर आवरले. लागत नव्हते ते देऊन टाकले, खरेच मोकळे वाटले. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सत्तरी तालुक्यात सासरच्या मूळ घरी जातो. चारही भावांची कुटुंबे तिथे जमतात. थर्माकोलचे मखर दर वर्षी नवे, एलईडीच्या माळा नव्या, प्रत्येकाने प्रत्येकाच्या मुलांना कपडे, मिठाईचे खोके तर इतके की शेवटी टाकावे लागतात. फटाके वेगळेच. मी काही बोलले तर 'देवाच्या कामात हात आखडते' म्हणतील. सण मनापासून करायचा आहे, पण हा पसारा नको वाटतो. काय करू?

उत्तर: तुम्हाला जे जड होते आहे त्याची यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगतात ती माटोळी नाही, पत्री नाही, पातोळ्या नाहीत, नव्या भाताची कणसे नाहीत. जे आहे ते सगळे अलीकडे दुकानातून चवथीच्या घरात शिरलेले आहे. म्हणजे तुमचे भांडण चवथीशी नाहीच. हे आधी स्वतःला नीट सांगा, म्हणजे घरी बोलताना आवाजात अपराधीपणा येणार नाही.

कुणी देवाचे नाव पुढे केले तर गोव्याचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, देवळे पाडली गेली, उघड पूजेला बंदी आली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. त्या काळात मूर्ती घरात ठेवणे धोक्याचे होते, म्हणून लोकांनी पत्री आणि कागदावरचे गणपतीचे चित्र पुजून चवथ राखली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आजही काही घराण्यांत मातीची मूर्ती आणत नाहीत, चित्रच पुजतात. त्या घरांतली चवथ कमी पडली असे कधी कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

आता बोलायचे कधी आणि कुणाशी? चवथीच्या आठवड्यात एक शब्दही काढू नका. तेव्हा सगळे दमलेले असतात, पैसे खर्च झालेले असतात आणि तुमचे म्हणणे टोमण्यासारखे लागेल. गणपती घडवतात त्या चित्रशाळेत मूर्तीसाठी पाट द्यायची वेळ येते आणि यंदा पाळी कुणाची याची बोलणी होतात, तेव्हा विषय काढा. पहिल्यांदा भावांशी नको, स्वयंपाकघर जिच्या अंगावर असते त्या जावेशी बोला. किती मिठाई वाया गेली, कोणता खोका कुणी उघडलाही नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. ती तुमच्या बाजूने झाली की अर्धे काम झाले. आणि चवथीच्या आदल्या दिवशी, तायेलाच, घरी पोहोचा. अंगण झाडायला, नारळ खवायला, माटोळी बांधायला जो हजर असतो त्याचे मत घरात ऐकले जाते. आरतीच्या वेळी गाडीतून उतरून 'कमी करा' म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

माटोळीला मात्र हात लावू नका. साधेपणाच्या नावाखाली चार नारळ टांगून माटोळी उरकणारी घरे मी पाहते आणि मला मनापासून वाईट वाटते. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, तोरंजन, आंबाडे, रानातून आलेली माट्टीची फळे, कांगले, घागऱ्या, कवंडळे, केवणीच्या सालीच्या दोराने बांधलेले हे सगळे. मुलांना रानातल्या झाडांची नावे कळायची ही वर्षातली एकमेव वेळ असते. माट्टी हा आपला राज्यवृक्ष, पण त्याचे फळ शहरातल्या मुलाने पाहिलेले असते ते माटोळीतच. आमच्या मयेच्या घरी माटोळी बांधताना प्रत्येक फळ मुलाच्या हातात द्यायचे, त्याने नाव सांगायचे आणि मगच ते वर बांधायचे, असा रिवाज आहे. नाव आले नाही तर घरातले म्हातारे माणूस सांगते.

शिवाय फोंडा, म्हापसा, पणजीच्या माटोळी बाजारात बसलेल्या बायका पहाटेपासून रान तुडवून हे आणतात. त्यांची ही वर्षातली कमाई. तिथे घासाघीस करून वाचवलेले दहा-वीस रुपये काटकसरीत धरू नका. फक्त घेताना बेताने घ्या: प्रत्येक जिन्नसाची एक डहाळी, एक फळ पुरते. भरगच्च माटोळीची चढाओढ लागली की रानातली झुडपे ओरबाडली जातात. कळलावीसारखी कंदाची वेल मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी त्या जागी उगवत नाही. कंदासकट विकायला आलेली वेल घेऊ नका आणि का घेत नाही ते त्या बाईला गोडीत सांगा, तिला ते आपल्यापेक्षा लवकर पटते. विसर्जनानंतर नारळ, चिबूड, केळी चारही घरांत वाटून घ्या.

मखराचे सोपे आहे. मूळ घराच्या माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत जुने लाकडी मखर, निदान चौरंग आणि खांब असण्याची शक्यता मोठी. काढा, पुसा, तेलाचा हात द्या. नसेल तर एकदाच सुताराकडून सुटे होणारे मखर करून घ्या आणि चौघांनी खर्च वाटून घ्या. मागे सासूबाईंची जुनी जरीची साडी लावली की थर्माकोलची आठवण कुणाला येणार नाही. माळा गेल्या वर्षीच्या चालत असतील तर त्याच लावा.

कोठीच्या खोलीचा विषय निघाला म्हणून एक सांगते, कारण फ्लॅट आवरून आलेल्या माणसाचा हात तिथे शिवशिवतो. मोठी तपेली, तांब्याचे हंडे, परळ, पाट, आदोळ्या (विळ्या) वर्षभर तशाच पडलेल्या दिसतात म्हणून 'हे काढून टाकू या' म्हणू नका. चवथीला तीस माणसांचे खतखते, म्हणजे मिसळीची भाजी, त्याच तपेल्यात शिजते. चार घरांत मिळून एक मोठे तपेले आहे, म्हणून चौघांना चार घ्यावी लागत नाहीत. तुम्ही पुस्तकात शोधत होतात ते या खोलीत आधीपासून आहे.

कपड्यांचे म्हणाल तर प्रत्येकाने प्रत्येकाला देण्याची साखळी तोडायला एकच उपाय मी चाललेला पाहिला आहे: मुलांना कपडे फक्त आजीच्या हातून. चारही भावांनी आजीकडे पैसे द्यायचे, आजीने प्रत्येकाला एक जोड द्यायचा. आजीचा मान वाढतो, मुलांना नवे कपडे मिळतात, जावाजावांत कुणाचा भारी कुणाचा हलका ही तुलना राहत नाही.

खाण्यात खोके आधी बंद करा, पण दुकानाचे खोके बंद करून त्याच्या चौपट नेवऱ्या, म्हणजे करंज्या, बायकांच्या माथी मारू नका. ते कमी करणे नव्हे, आपला भार दुसरीच्या कमरेवर टाकणे झाले. नेवऱ्या टिकतात, त्या सगळ्या घरांच्या मिळून एकाच दिवशी, पुरुषांनाही लाटायला-भरायला बसवून करा. पातोळ्या हळदीच्या पानातल्या, त्या त्याच दिवशी संपायला हव्यात, तेव्हा मोजून करा. खतखत्यात तर पाच भाज्या घाला नाहीतर एकवीस, परसात जे आहे ते जाते, तिरफळे विसरू नका म्हणजे झाले.

फटाक्यांचे पैसे मुलांच्या हातात द्या आणि त्यांना एक चांगले घुमट, म्हणजे मडक्याला कातडे लावलेले वाद्य, आणायला सांगा. २०१९ मध्ये त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी घोरपडीचे कातडे लावायचे, आता बकऱ्याचे लावतात. आवाजच हवा असेल तर घुमटावरच्या आरतीइतका आवाज पुरे आहे.

यंदा यातल्या दोन गोष्टी जमल्या तरी खूप. मी तुमच्या जागी असते तर मखर आणि खोके यांच्यापासून सुरुवात केली असती.

फोंड्याहून एक आई विचारतात: मुलीचे लग्न वैशाखात झाले. पहिल्या चवथीचे ओझे, म्हणजे माहेरहून सासरी जाणारे सामान, पाठवायचे आहे. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी टेम्पो भरून पाठवले, त्यात मिक्सर आणि फ्रीजसुद्धा होता. मुलगी म्हणते काही पाठवू नका. यजमान सोसायटीतून कर्ज काढायच्या विचारात आहेत.

उत्तर: कर्ज काढू नका. याबाबतीत माझे दुसरे मत नाही.

मुलीचे 'काही नको'ही मी मानणार नाही. पहिल्या चवथीला माहेरचे काहीच आले नाही तर तिला स्वतःलाच दाराकडे पाहावेसे वाटेल. ओझ्यात पूर्वी काय असे ते आठवा: नारळ, तांदूळ, केळ्यांचा घड, चिबूड, माटोळीचे सामान, नेवऱ्या, लाडू. त्या घरच्या चवथीला हातभार लागावा, हाच त्याचा हेतू. तोच धरा आणि चवथीच्या दिवसांत त्या घरात संपेल तेवढेच पाठवा. विहीणबाईंना स्वतः फोन करा, तुमच्याकडे पानाला किती माणसे असतात हे विचारा आणि त्या मापाने पाठवते असे मोकळेपणाने सांगा. पाहुण्यांसमोर कुणी काही बोलले तर उत्तर द्यायची जबाबदारी जावयाची आहे, मुलीची नव्हे, आणि ही गोष्ट त्याला तुमच्या यजमानांनी आधीच सांगावी.

आणखी एक विचार करा. तुमच्या वाड्यावर पुढच्या वर्षी ज्यांच्या मुलीची पहिली चवथ असेल ते लोक आज तुमच्या दाराकडे पाहत आहेत. तुमची ऐपत असली तरी त्यांची नसेल. तुम्ही दोन पाटल्यांत, म्हणजे दोन टोपल्यांत, नीट झाकून ओझे पाठवलेत तर त्या आईबापांना तुमचे नाव सांगून सुटता येईल.

म्हापशाहून एक वाचक: शेजारचे ख्रिस्ती कुटुंब नाताळात मोठे ताट भरून कुस्वाड, म्हणजे नाताळचे गोडधोड, पाठवते. आम्ही दोघेच म्हातारी, मधुमेह आहे, संपत नाही. नको म्हणावे का?

उत्तर: नको म्हणू नका. तुम्ही चवथीला नेवऱ्या देता, ते नाताळात दोदोल, बेबिंक, कलकल देतात, ही देवघेव मोडली तर पुन्हा जोडणे अवघड जाते. यंदा चवथीला तुम्हीच लहान ताट पाठवा, चार नेवऱ्यांचे, आणि बरोबर सांगा की डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले आहे, नाताळात आम्हाला बेबिंकचा एकच तुकडा पाठवा. त्या आठवड्यात त्यांच्याही स्वयंपाकघरात रात्री जागून कामे चाललेली असतात. एक मोठे ताट कमी भरावे लागले तर त्यांना बरेच वाटेल.