पाळक श्रीमंत असला तर बिघडलं कुठे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले काही धर्मोपदेशक खासगी विमानांतून फिरतात आणि 'देवाला द्या, तो शंभरपट परत देईल' असं शिकवतात, याचं समर्थन करता येतं का? पुढे तुम्हीच म्हणता की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी, असं बायबलमध्येच आहे.

मी नगरच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. मजुरीचं वचन तुम्ही बरोबर सांगितलंत. पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, फाटका सदरा घालून हिंडावं, असं मला मुळीच वाटत नाही. श्रीमंतीही मला खुपत नाही. कॅलिफोर्नियाचे पाळक रिक वॉरन घ्या. 2002 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यांच्याच सांगण्यानुसार त्यांनी 25 वर्षांत घेतलेला पगार चर्चला परत केला आणि उत्पन्नाचे 90 टक्के दान करू लागले. पुस्तक विकत घेणाऱ्याला पुस्तक मिळालं, विषय संपला.

माझं भांडण 'बी पेरा' या शिकवणीशी आहे: उपदेशकाला दिलेले पैसे म्हणजे बियाणं, देव त्याचं पीक देईल. माझी मावशी निवृत्त नर्स. काका गेल्यावर ती सकाळ-संध्याकाळ टीव्हीवरचे उपदेश ऐकू लागली आणि एका उपदेशकाला पेन्शनमधून मनिऑर्डर जायला लागली. उलट टपाली तेलाची बोटभर बाटली आली, आणि एक छापील लिफाफा. लिफाफ्यावर तीन ओळी: नाव, मागणं, बियाण्याची रक्कम. मागण्याच्या ओळीत मावशीने लिहिलं होतं, 'मुलाची नोकरी'. दीड वर्ष पैसे गेले, नोकरी काही लागली नाही. मी चिडलो तर म्हणाली, "अरे, माझाच विश्वास कमी पडला."

या धंद्याची सगळी मेख त्या वाक्यात आहे. पीक आलं तर श्रेय शिकवणीला, नाही आलं तर दोष पेरणाऱ्याला. दुकानदाराला तोटा कधीच नाही. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी निदान दुकानात जाऊन भांडू तरी शकतो.

आता वचनांकडे या, कारण हे लोक वचनं दाखवूनच मागतात. 'विश्वासाचं बी' ही कल्पना ज्यांनी घरोघरी पोचवली त्या अमेरिकी टीव्ही-उपदेशक ओरल रॉबर्ट्स यांचा मोठा आधार म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या तिसऱ्या पत्रातली दुसरी ओळ: तुझं सर्व बाबतींत कुशल असो, तुला आरोग्य असो. अहो, हा पत्राचा मायना आहे! आपण नाही का लिहीत, 'इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी'? त्यावरून पोस्टाने संपत्तीची हमी दिली, असं कोणी म्हणेल का? याच रॉबर्ट्स यांनी 1987 साली जाहीर केलं होतं की मार्चअखेर 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. पैसे जमले. शेवटची मोठी रक्कम फ्लॉरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने दिली.

शंभरपटीचं वचन मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. घरं, भाऊ, बहिणी, शेतं शंभरपट मिळतील, पण 'छळणुकीबरोबर'. हा शब्द मी अजून कुठल्या लिफाफ्यावर छापलेला पाहिलेला नाही. बायबलच्या मलाखी या पुस्तकातली 'दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणा, म्हणजे मी आकाशकपाटं उघडीन' ही ओळ तर पाठच असते सगळ्यांना. पण तो दशमांश शेतमालाचा होता, भांडारात अन्न असावं म्हणून. आणि बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारे), परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून वेशीच्या आत ठेवायचा. म्हणजे तो माझ्या मावशीकडे यायला हवा. तिच्याकडून जायला नको. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट दानार्पणाच्या वेळी हमखास सांगतात, पण तिच्या दोनच ओळी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलाय, ते तिथेच राहतं.

विमानांचं काय बोलायचं! 2018 साली अमेरिकी टीव्ही-उपदेशक जेसी डुप्लांटिस यांनी 5 कोटी 40 लाख डॉलरच्या जेटसाठी हाक दिली. त्यांचं ते चौथं. येशू आज असता तर गाढवावर बसला नसता, असा युक्तिवाद. त्यांच्याच पंथातले केनेथ कोपलंड तर म्हणाले होते की साध्या विमानात बसणं म्हणजे लांब नळकांड्यात भुतांबरोबर बसणं. दिवाळीच्या गर्दीत पुणे-नगर एसटीने उभ्याने येणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांना हे एकदा ऐकवायला हवं.

कायद्याने यात फारसं काही होत नाही. अमेरिकेत चर्चला आयकर खात्याकडे वार्षिक हिशोब भरावा लागत नाही. 2007 मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा मोठ्या टीव्ही-उपदेशकांकडे हिशोब मागितले. त्यांतल्या दोघांनीच पूर्ण सहकार्य केलं आणि 2011 मध्ये चौकशी कुणालाही दंड न होता संपली. मनात असेल तर वेगळं करता येतं. प्रसिद्ध अमेरिकी धर्मप्रचारक बिली ग्रॅहम आणि साथीदारांनी 1948 मध्येच कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी ठरवलं होतं की पैशाची भावनिक मागणी टाळायची, आणि पुढे ते संस्थेकडून ठरलेला पगार घेत राहिले.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. गरिबाला ही शिकवण उगाच गोड लागत नाही. 'सोस, वर गेल्यावर मिळेल' असं पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या माणसाला कोणीतरी प्रथमच सांगतं की देवाला तुझी गरिबी नको आहे. आमच्या जुन्या मंडळ्यांनी हे सांगितलं असतं, मावशीकडे आठवड्यातून एकदा कोणी जाऊन बसलं असतं, तर तिने टीव्ही इतका लावला नसता. त्यात मीही आलोच.

2022 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अटलांटाजवळचे टीव्ही-उपदेशक क्रेफ्लो डॉलर (आडनाव खरंच हेच) यांनी व्यासपीठावरून सांगितलं की दशमांशाबद्दलची आपली आधीची शिकवण बरोबर नव्हती, त्यावरची आपली पुस्तकं आणि टेपा फेकून द्या. माफी मात्र मागणार नाही, असंही त्याच भाषणात सांगितलं. मी ही बातमी मावशीला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग त्या लोकांचे पैसे?"